खणणं मोजलं, वाहणं कोण मोजणार?

(आमच्या केंद्रावरून सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसारित झालेलं भाषण)



२ ऑक्टोबरची ग्रामसभा जवळ आली. गांधीजयंतीला हार घालायचा, गोडधोड वाटायचं आणि घरी यायचं, अशी पुष्कळ गावांत रीत पडली आहे. पण ह्याच सभेत पुढच्या वर्षाचं रोजगार हमीचं नियोजन मंजूर होतं. कोणती कामं निघणार, किती मजूर लागणार, कोणत्या महिन्यात लागणार, हे कागदावर इथे चढतं. इथे चढलं नाही ते वर तालुक्याला, जिल्ह्याला जाऊन चढेल, ह्याची खात्री नाही. म्हणून आज त्याच्यावर बोलायचं आहे.

'रोजगार धोरण' हा शब्द ऐकला की वाटतं, हे दिल्ली-मुंबईचं काम, मोठ्या लोकांनी करायचं. तिथे ठरतंच पुष्कळ काही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना म्हणून जगातल्या देशांची एक संस्था आहे. तिचा १९६४ सालचा रोजगार धोरणाचा करार आहे आणि भारताने तो १९९८ साली मान्य केला. त्यात सरकारांनी काय कबूल केलं? की सगळ्यांना काम मिळेल असं बघू, त्या कामातून काही उत्पन्न निघेल असं बघू, आणि ते काम माणसाने आपल्या मर्जीने निवडलेलं असेल असं बघू. १९९९ पासून हीच संस्था 'सन्मानाचं काम' असा शब्द वापरते. कामाला पुरेसा दाम हवा, जिवाला धोका नको, आणि आपलं म्हणणं मांडायला जागा हवी, असा त्याचा अर्थ.

आता ह्या तीन-चार गोष्टी घेऊन आपल्या शिवारात या. कोणत्या ओढ्यावर बांध घालायचा, कोणत्या महिन्यात काम काढायचं, खड्ड्याचं माप कोणी घ्यायचं, लेकराला सावली कुठे. धोरणाचा हा भाग दिल्लीत ठरत नाही. तो गावातच ठरतो, आणि बहुतेक वेळा आपण तिथे नसताना ठरतो.

रोजगार हमी ही मुळात महाराष्ट्राची कल्पना, हे आपल्या पोरींना शाळेत फारसं कोणी सांगत नाही. सांगली जिल्ह्यातले वि. स. पागे, विधान परिषदेचे बरीच वर्षं सभापती होते. त्यांनी तासगाव तालुक्यात विसापूर भागात आधी हे करून पाहिलं आणि मग ते मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या गळी उतरवलं. बाहत्तरचा दुष्काळ तुमच्या आजीला, सासूला विचारा. मिलो ज्वारीची लाल भाकरी, कामावर वाटलेली सुकडी, आणि रस्त्याच्या कडेला खडी फोडत बसलेल्या बायका. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणूस होता. पण ती कामं म्हणजे सरकारची मेहेरबानी होती. पागेसाहेबांचं म्हणणं वेगळं होतं: काम मागणं हा हक्क असला पाहिजे. १९७७ साली विधिमंडळाने तसा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पैसा कुठून आला? शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. आजही मुंबई-पुण्याच्या नोकरदाराच्या पगारातून वर्षाला अडीच हजारांपर्यंत तो कापला जातो. शहराने खेड्याच्या मजुरीला पैसे द्यायचे, ही मला ह्या कायद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, आणि तिची चर्चा सगळ्यात कमी होते.

पुढे २००५ साली केंद्राचा कायदा आला. त्यात घरटी वर्षाला शंभर दिवस ठरले. आपल्या राज्यात त्याच्या पुढच्या दिवसांची जबाबदारी राज्याच्या कायद्याने राज्यावर आहे. म्हणजे "शंभर दिवस झाले, आता काम नाही" असं महाराष्ट्रात म्हणता येत नाही. हे लक्षात ठेवा, कारण म्हणणारे पुष्कळ आहेत.

दोन्ही कायद्यांत बाईला आणि गड्याला दर एकच. शेतात आपल्याकडे आजही बाईचा रोज वेगळा आणि गड्याचा वेगळा. खुरपणं, वेचणी, निंदणी बाईची म्हणून ती स्वस्त. औत, फवारणी गड्याची म्हणून महाग. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला, पण शेताच्या बांधावर तो कोणी वाचत नाही. रोहयोच्या कामावर मात्र दर सगळ्यांना एकच; २०२४ च्या एप्रिलपासून तो दिवसाला २९७ रुपये होता. ज्या गावात रोहयोचं काम वेळेवर निघतं, तिथे खुरपणीला बाई बोलावणाऱ्यालाही रोज ठरवताना विचार करावा लागतो. कागदावरचा समान दर शेतात उतरायचा असेल, तर तो असाच उतरणार.

पण ठरलेला आकडा हातात पडतो का? इथे खरी गोम आहे, आणि ती जरा सावकाश सांगते.

मातीकामाची मजुरी नुसत्या हजेरीवर मिळत नाही, मापावर मिळते. किती माती निघाली त्याप्रमाणे दाम. नियम असा आहे की दर असे ठरवायचे, की धडधाकट माणसाने आठ तास काम केलं, त्यात एक तास विश्रांती धरून, तर पूर्ण रोज पडला पाहिजे. म्हणजे बाई आठ तास राबली आणि हातात १८० पडले, तर दोष तिच्या हातांत शोधण्याआधी मापात शोधायचा.

माप कसं घेतात? लांबी, रुंदी, खोली. जोडीने ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल खणलं, तर ३ घनमीटर माती झाली. आता खोली अर्ध्या मीटरऐवजी ४० सेंटिमीटर लिहिली, तर २.४ घनमीटर. फरक दहा सेंटिमीटरचा, डोळ्याला दिसतही नाही. पण मजुरीचा पाचवा हिस्सा गेला. २९७ मधले जवळपास साठ रुपये. खोली कळावी म्हणून खड्ड्याच्या मध्ये न खणलेल्या मातीचा खुंट ठेवायचा असतो, वरची मूळ जमीन दाखवणारा. माप होईपर्यंत तो खुंट कोणी पाडायचा नाही. मेट म्हणाला "पाडा, अडचण होते," तरी नाही.

दुसरी गोष्ट, माती कोणती? मऊ माती, मुरूम, कठीण मुरूम, ह्यांचे दर वेगळे. वरच्या थराला मऊ माती लागली आणि खाली मुरूम लागला, तर दोन थरांची दोन मापं व्हायला हवीत. वहीत सगळीच 'मऊ माती' लिहिली की कुदळ मोडली तरी दाम मातीचाच.

आणि तिसरी गोष्ट आपली, बायकांची. जोडीत गडी खणतो आणि बाई घमेलं उचलून नेते. खड्डा मोजता येतो. बाईने घमेलं किती लांब नेलं आणि किती उंच चढवलं, ते खड्ड्यात दिसत नाही. तलावाच्या गाळकामावर, बांधाच्या कामावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाई किती चालते, किती वेळा चढते-उतरते! सरकारच्या दरसूचीत त्याची सोय आहे. ठरावीक अंतरापर्यंतचं आणि उंचीपर्यंतचं वाहणं मूळ दरात धरलेलं असतं, त्याच्या पुढे वाढीव दर लागतो. इंजिनियर लोक अंतराला 'लीड' आणि उंचीला 'लिफ्ट' म्हणतात. हे दोन शब्द पाठ करा. मोजमाप घ्यायला तांत्रिक सहायक आले की विचारायचं, "साहेब, लीड किती धरली? लिफ्ट किती धरली?" बाईच्या तोंडून हा शब्द आला की वही पुन्हा उघडते. लीड लिहिली नाही तर खणणाऱ्याचं काम मोजलं गेलं आणि वाहणारीचं फुकट गेलं. दर दोघांना एकच असला तरी जोडीची मजुरी कमी पडली, आणि ती कमी पडली बाईच्या कष्टामुळे नव्हे, बाईचे कष्ट न लिहिल्यामुळे.

ह्यासाठी पन्नास-साठ रुपयांची मोजपट्टी पुरते. गटाच्या खर्चातून घ्या. आठवडा संपला की आपलं माप आपण आधी घ्यायचं, वहीत तारीख टाकून लिहायचं, मग साहेबांच्या मापाशी ताडून बघायचं. भांडण करायला नको, नुसती वही दाखवायची.

आता उत्पादकतेकडे वळते. शब्द जड आहे, पण अर्थ साधा: तेवढ्याच घामातून जास्त काय निघालं. साहेब लोक उत्पादकता म्हणाले की आपल्याला वाटतं, आणखी जोरात खणा असं म्हणतायत. तसं नाही. खड्डा कशाचा आहे, त्यावर उत्पादकता ठरते. बाहत्तरला फोडलेल्या खडीचे ढीग पुष्कळ ठिकाणी रस्त्याकडेला नुसते पडून राहिले. बायकांचे हात फुटले, पोट भरलं, पण त्या खडीतून पुढे काही उगवलं नाही. उलट नगर तालुक्यातलं हिवरे बाजार बघा. नव्वदच्या दशकात पोपटराव पवार सरपंच असताना तिथे रोजगार हमीच्याच पैशातून डोंगरावर समतल चर खणले, बांध घातले. हत्यारं तीच, कुदळ आणि घमेलं. पण पाणी जिरलं, चारा आला, दूध आलं, आणि मजुरीला बाहेर गेलेली माणसं परत आली. तिथे गावाने पाण्याचे नियमही केले, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस लावायचा नाही. नुसते चर खणून तेवढं झालं नसतं, हेही सांगायला हवं.

तसंच फळबागेचं. १९९० च्या सुमाराला राज्याने फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली. सांगोल्याचं डाळिंब, जालन्याची मोसंबी, कोकणातला आंबा-काजू वाढला, त्यात ह्या निर्णयाचा मोठा हात आहे. मजुरी सरकारची आणि झाड शेतकऱ्याचं. पण झाड कोणाच्या नावावर? सातबारा ज्याच्या नावावर, त्याच्या. म्हणून ही गोष्ट पुन्हा बाईपाशी येते.

विहीर, शेततळं, फळबाग, गोठा, गांडूळखत, ही कामं रोहयोतून स्वतःच्या जमिनीवर घेता येतात. त्यात ज्यांना आधी हक्क आहे त्यांच्या यादीत अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, दारिद्र्यरेषेखालची घरं आहेत, आणि ज्या घराची कर्ती बाई आहे तेही घर आहे. विधवा, सोडून दिलेली, एकटी राहणारी, ह्या सगळ्यांचा नंबर अल्पभूधारक शेतकऱ्याच्या आधी लागतो. घरातल्या माणसाने त्या कामावर मजुरी करायची आणि घराचं जॉबकार्ड असायचं, एवढी अट. तुमच्या गटात अशी कोण आहे? तिचं नाव २ ऑक्टोबरच्या यादीत आहे का? मी विचारते तेव्हा बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, "तिच्या नावावर जमीन नाही." दिराने लावून घेतली, किंवा वारसनोंद झालीच नाही. मग आधी तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज. आणि नवरा हयात असलेल्या बायांनो, तुमच्यासाठीही रस्ता आहे. १९९२ सालापासून लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याच्या संमतीने बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. संमती मिळवणं किती अवघड, ते तुम्ही मला सांगायला नको.

आता महिन्याची गोष्ट. बीड, जालना, नगर, सोलापूर, ह्या भागातून दसरा-दिवाळीला कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल मुकादमाने पावसाळ्यातच दिलेली असते. एकदा उचल घेतली की माणूस बांधला गेला. मग गावात दिवाळीनंतर रोहयोचं काम निघालं तरी त्याला काय उपयोग? कागदावर म्हणायचं 'मजूर उपलब्ध नाहीत'. उसाच्या फडात बाईचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. एक दिवस खाडा झाला की दंड, म्हणून पाळीचे दिवस, दुखणं, बाळंतपण सगळं अंगावर काढायचं. २०१९ मध्ये बीडच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा बोभाटा झाला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या ब्याऐंशी हजारांहून जास्त ऊसतोड बायकांपैकी तेरा हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली होती. ह्या आकड्यापुढे मला काही बोलायचं सुचत नाही. एवढंच म्हणते, मर्जीने निवडलेलं काम हे नव्हे. ज्या बाईला गावात पर्याय आहे, तीच मुकादमाला नाही म्हणू शकते. तो पर्याय जून-जुलैत, उचल वाटली जाते तेव्हा डोळ्यांपुढे पाहिजे. शेतीच्या हंगामात मातीकाम निघत नाही म्हणतात. रोपवाटिका निघते, झाडं लावण्याचं काम निघतं, लावलेल्या झाडांची जोपासना निघते. नियोजनात लिहून घ्या, की अमुक काम अमुक महिन्यात. नुसती कामांची यादी देऊ नका.

केरळचं एक सांगण्यासारखं आहे. देशभरात रोहयोवरच्या दर शंभर दिवसांत निम्म्याहून जास्त दिवस बायकांचे असतात. महाराष्ट्रात ते निम्म्याहून कमी. आणि केरळात नव्वदच्या घरात! असं का? एक कारण गड्यांच्या मजुरीचं आहे. तिथे बाहेर गड्यांना इतका रोज मिळतो, की ते रोहयोकडे फिरकत नाहीत. पण दुसरं कारण आपल्या कामाचं. तिथे १९९८ पासून कुटुंबश्री नावाने बायकांचे शेजारगट गावोगाव आहेत, आपल्या बचत गटांसारखे. रोहयोच्या कामावरचे मेट ह्याच गटांतल्या बायका. हजेरी बाईच्या हातात, काम वाटून देणं बाईच्या हातात, कोणाचं अंगावर पाजतं लेकरू आहे, कोणाला वाकवत नाही, हे तिला ठाऊक. आपल्या गावात मेट कोण आहे? सरपंचाचा पुतण्या असेल तर त्याला विचारा, गटातली दहावी झालेली सून का नको? मेटला सध्या मोबाइलवर दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढून हजेरी लावावी लागते. रेंज नसली की हजेरी पडत नाही. आणि सकाळी लवकर येऊन नेमून दिलेलं काम दुपारपर्यंत संपवलं, तरी दुसऱ्या फोटोसाठी उन्हात थांबायचं. ही तक्रार गावोगावची आहे. तीही ग्रामसभेत ठरावानेच वर पाठवायची. तोंडी तक्रार रस्त्यातच विरते.

काही हक्क झटपट सांगते, लिहून घेणाऱ्यांनी घ्या. काम मागताना नमुना ४ भरायचा, निदान चौदा दिवसांचं सलग काम मागायचं, आणि तारखेची पोच घ्यायची. पोच नाही तर अर्ज केलाच नाही असं धरलं जातं. पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता: पहिले तीस दिवस मजुरीचा चौथा हिस्सा, पुढे निम्मा. काम पाच किलोमीटरच्या बाहेर असेल तर दहा टक्के जास्त मजुरी. कामावर पाणी, सावली, औषधपेटी पाहिजे. पाच किंवा जास्त लहान लेकरं कामावर येत असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं, आणि तिला पूर्ण मजुरी द्यायची. कामावर इजा झाली तर उपचार मोफत, दवाखान्यात ठेवावं लागलं तर निदान अर्धी मजुरी.

मजुरी पंधरा दिवसांत खात्यावर पाहिजे. उशीर झाला तर दिवसाला पाच पैसे शेकडा भरपाई. २०२४ च्या दराने सहा दिवसांच्या मजुरीवर ती दिवसाला नव्वद पैशांच्या आसपास येत होती. दहा दिवस उशीर केला तर नऊ रुपये! दुकानदार उधारीवर ह्याहून जास्त घेतो. इतकी स्वस्त भरपाई असेल तर उशिराची भीती कोणाला वाटणार? हाही ठराव व्हायला हरकत नाही.

आणि २०२४ च्या जानेवारीपासून मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यावरच जमा होते. जॉबकार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच, अशा बायांचे पैसे अडकतात. लग्न होऊन आलेल्या प्रत्येक सुनेचे तीन कागद शेजारी ठेवून बघा. हे गटाच्या एका बैठकीत उरकेल.

आता २ ऑक्टोबर. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची हे कायद्यात आहे. ती झाली असं कागदावर दाखवू देऊ नका, खरंच घ्या. ग्रामसेवकाला आठ दिवस आधी गटाच्या लेटरहेडवर पत्र द्या, त्याची पोच घ्या. महिला सभेत आपली कामं ठरवा: कोणता ओढा, कोणाची विहीर, कोणता महिना, मेट कोण. सभेत बोलायला दोघी ठरवून ठेवा, कारण एकीला गप्प बसवणं सोपं असतं. ठराव झाला की इतिवृत्ताच्या वहीत आपल्या डोळ्यांपुढे लिहून घ्या, मगच सही करा. कोऱ्या पानावर सह्या आधी घेऊन ठेवण्याची सवय काही गावांत आहे. तिथे अंगठाही देऊ नका. आठ दिवसांनी ठरावाची नक्कल मागा.

मोजमापाबद्दल काही विचारायचं असेल तर केंद्रावर फोन करा किंवा पत्र टाका. पुढच्या मंगळवारी वारसनोंदीचा अर्ज कसा भरायचा, ते सांगणार आहे. तेव्हा सातबारा आणि आठ-अ जवळ घेऊन रेडिओपाशी बसा. नमस्कार.